गाडीखालचा लाल डाग

खर्रा खाणारा माणूस मला दुरून ओळखू येतो. बोलताना तो हनुवटी वर करतो, रस सांडू नये म्हणून ओठ आवळून धरतो आणि साधं "हो" म्हणायचं असलं तरी नुसता "हूं" करतो. आमच्या गडचांदूरला किराणा दुकानांची शटरं उघडायच्या आधी पानठेल्यांवर सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून खर्रा घोटणं सुरू झालेलं असतं. शाळेची भिंत, बँकेचा जिना, दवाखान्याचा कोपरा, सगळीकडे तो लालसर तपकिरी रंग. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. पालकसभेला आलेल्या निम्म्या बापांना धड तोंड उघडता येत नाही, आणि त्यांची मुलं अभ्यास का करत नाहीत हे मी त्यांना समजावून सांगायचं असतं. मला या लोकांची दया वगैरे येत नाही. चीड येते. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी जे केलं ते कुठून आलं हे कळेल.

माझे वडील याच पंथातले. चुनखडीच्या खाणीत त्यांनी आयुष्यभर डंपर चालवला आणि आयुष्यभर खर्रा खाल्ला. निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या तोंडात जेमतेम दोन बोटं जात होती. भाकरीचा तुकडासुद्धा दुमडून घालावा लागायचा. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी गालाच्या आत एक पांढरा चट्टा दाखवला आणि म्हणाले, आजपासून बंद, नाहीतर पुढच्या वेळी मी तुम्हाला नागपूरला पाठवीन आणि तिथे ते गाल कापतील. बाबा घरी आले, खिशातल्या दोन पुड्या माझ्या बायकोच्या हातात दिल्या आणि म्हणाले, "फेकून दे बाई." एवढंच. त्यानंतर वर्षभर ते बडीशेप चघळत होते. दर तीन महिन्यांनी मी त्यांना तपासायला न्यायचो. आणि शाळेत, शेजारी, लग्नकार्यात, जिथे तिथे मी सांगत सुटायचो की वडिलांचा खर्रा मी सोडवला.

आता गाडी. ती मी एका ठेकेदाराकडून जुनी घेतली होती. तेलाच्या दाबावर चालणारं पॉवर स्टेअरिंग, म्हणजे बोनेटखाली एक छोटा डबा, त्यात तेल, तिथून नळ्या खाली जातात. हे मला माहीत होतं. दाबाचा नियम मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवतो. डबा मात्र मी कधी उघडला नव्हता. गाडी अंगणात उभी असायची. अंगणाला सिमेंटचा गुळगुळीत कोबा आणि त्यावर कायम पांढुरकी धूळ, आमच्या गावात ती झाडावर, कपड्यांवर आणि वरणातही असते. गाडीच्या डाव्या बाजूला, भिंतीशी, बाबांची लोखंडी खुर्ची. सकाळी चहा झाला की ते तिथे उन्हाला बसायचे.

हिवाळ्यात एका सकाळी गाडी काढली आणि डाव्या चाकामागच्या जागी मला तो डाग दिसला. रुपयाएवढा. लालसर तपकिरी, पांढऱ्या धुळीवर उठून दिसणारा. खुर्चीपासून दोन हातांवर.

मी डागाकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं आणि निकाल लावून मोकळा झालो.

पुढच्या सकाळी पुन्हा डाग. तिसऱ्या दिवशी दोन. मुलांना मी सांगत असतो की आधी निरीक्षण करा, मग तर्क करा. माझा तर्क आधीच शिजून तयार होता, निरीक्षण त्याच्या मागून फरपटत आलं. डाग गाडीच्या बराच आत होता. तिथे थुंकायचं तर माणसाला गुडघ्यावर बसून गाडीखाली मान घालावी लागली असती. कंबरदुखीमुळे बाबा पायातली चप्पलही भिंतीला धरून घालतात. पण मी म्हणालो, बघा कसा लपवून थुंकतात! अशी अक्कल पैसे मोजूनही मिळत नाही, त्यासाठी बी.एड. करावं लागतं.

चौथ्या दिवशी मी बाबांसमोर उभा राहिलो. चिडलो की मी पुस्तकी बोलायला लागतो, ही माझी जुनी खोड आहे.

"बाबा, आपण पुन्हा सुरू केलेलं दिसतं."

"काय?"

मी डागाकडे बोट दाखवलं. त्यांनी खुर्चीतूनच वाकून पाहिलं.

"मी नाई खाल्लो," ते म्हणाले. "थे गाडीचं तेल हाय. स्टेअरिंगचं. डब्बा खोलून पाह्य."

"अच्छा! म्हणजे आता गाडी खर्रा खायला लागली."

माझ्या विनोदावर मीच खूष झालो. बाबा हसले नाहीत. भिंतीपलीकडून मात्र शेजारी हसला. हा शेजारी सिमेंटच्या गोण्या वाहणाऱ्या ट्रकांचा हिशेबनीस, दिवसाला किती खर्रे खातो हे त्यालाही सांगता येणार नाही, आणि मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ बघून गावातला मोठा जाणकार झालेला. तो भिंतीवर कोपर टेकवून, तोंड वर करून म्हणाला, "सर, गाडीचं तेल काळं असते. लाल नसते. आणि थे खर्र्याचं म्हणाल तर सुटत नाई जी. मी लय वेळा सोडून पाह्यला."

त्याच्या अंगणाच्या कोपऱ्यात रंगपंचमी झाल्यासारखी भिंत होती. ती मला दिसत होती. तरी मी त्याची साक्ष ग्राह्य धरली आणि खाणीतली सगळी वर्षं यंत्रावर काढलेल्या बापाची धरली नाही.

बायकोने मला आत बोलावून सांगितलं, "अहो, मामाजी खोटं बोलत नाहीत. माझ्याजवळ बसून चहा घेतात, मला वास आला असता." मी तिला म्हणालो, तुला काय कळतं त्यातलं. तिचे दोन भाऊ खर्रा खातात. तिला माझ्यापेक्षा शंभरपट कळत होतं.

दरम्यान गाडी बोलायला लागली होती. सकाळी अंगणातून वळवून काढताना बोनेटखालून "कुईं" असा आवाज यायचा, जणू कुणी मांजराच्या शेपटीवर पाय दिला. मी मेकॅनिकला फोन केला. आमचा मेकॅनिक फोनवरच गाडी दुरुस्त करतो. "काई नाई सर, थंडीनं होते," तो म्हणाला. मला तेच ऐकायचं होतं, त्यामुळे तो मला हुशार वाटला. "डब्बा पाह्य" असं बाबा आणखी दोनदा म्हणाले. दोन्ही वेळा मी मान हलवली आणि शाळेला निघून गेलो.

मग मी शाळेतून "येथे थुंकू नये" अशी छापील पाटी आणली, चांगली प्लास्टिकमध्ये मढवलेली, आणि बाबांच्या खुर्चीच्या मागे भिंतीवर चिकटवली. स्वतःच्या बापाच्या डोक्यावर. बाबांनी ती चष्मा लावून वाचली, खुर्ची उचलली आणि मागच्या दाराशी, मोरीजवळ नेऊन ठेवली. तिथे ऊन येत नाही. त्यानंतर ते तिथेच बसायला लागले.

डाग पडतच राहिले. उलट मोठे झाले. खुर्ची घरामागे, डाग घरासमोर, एवढ्यावर तरी कुणाचीही ट्यूब पेटावी. माझी नाही पेटली. मी म्हणालो, आपण शाळेत गेल्यावर येत असतील.

आणि मग ती सकाळ. मी शाळेला निघालो होतो, गाडीखाली ताजा ओला डाग होता, अगदी चकचकीत. मी बाबांना मागून पुढे बोलावलं. ते टॉवेलने हात पुसत आले. मी मोबाईलचा टॉर्च लावला.

"तोंड उघडा."

"काऊन?"

"उघडा म्हणतो ना."

शेजारी भिंतीशी होताच, तो असतोच. बाबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे आणि तोंड उघडलं. जेवढं उघडतं तेवढं, दोन बोटं. मी पोलिसासारखा आत उजेड मारला. जुने काळे पडलेले दात होते, फिक्कट गाल होता. लाल काही नव्हतं.

"धुऊन टाकलंय," मी म्हणालो.

बाबांनी तोंड मिटलं. सत्तरीचा माणूस सकाळच्या उन्हात परक्या माणसासमोर तोंड वासून उभा होता, आणि मी त्याचा मुलगा, टॉर्च धरून. हे लिहिताना मला माझ्या थोबाडीत मारावीशी वाटते. त्या दिवशी काही वाटलं नाही. त्या दिवशी मला उशीर होत होता.

आठवड्याने तपासणीची तारीख आली. बाबा माझ्या शेजारी बसले, फाईल मांडीवर. बाजाराच्या चौकात राजुऱ्यावरून चंद्रपूरला जाणाऱ्या रस्त्याला लागण्यासाठी मी स्टेअरिंग वळवलं आणि ते वळेना. म्हणजे वळत होतं, पण ओल्या मातीत रुतलेली बैलगाडी फिरवावी तसं. बोनेटखालून मोठ्याने घरघर यायला लागली. समोरून चुनखडीचा ट्रक येत होता आणि आमची गाडी त्याच्याच बाजूला सरकत होती.

"दोनी हातांनं ओढ," बाबा म्हणाले, जराही आवाज न चढवता. "पाय काढ रेसवरून. ओढ. हां. आता बाजूले घे. लाव बिरेक."

ट्रक शिव्या देत निघून गेला. मी गाडी बंद केली. बाबा उतरले, फाईल सीटवर ठेवली आणि म्हणाले, "बोनेट खोल."

त्यांनी डब्याचं झाकण फिरवून काढलं. डबा कोरडा होता. तळाला थोडंसं उरलेलं त्यांनी बोटाने पुसून घेतलं आणि ते बोट माझ्या नाकासमोर धरलं. लालसर, तपकिरी, चकचकीत.

"घे वास. खर्र्याचा येते का?"

जळक्या तेलाचा वास होता.

"तुले एकदाबी बोट लावून पाहावं वाटलं नाई?" ते म्हणाले. "थुका वाळून जाते गा. तेल चिकटते. एवढंच पाहाचं होतं."

मी दहावीला पदार्थांचे गुणधर्म शिकवतो. वीस वर्षं झाली. बाजाराच्या चौकात, भाजीवाल्या बाया बघत असताना, डंपर चालवणाऱ्या माणसाने माझा एका वाक्यात निकाल लावला, आणि तोही चिडून नाही. समोरच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून त्यांनी योग्य तेलाचा डबा मागितला, दुकानदार भलताच देत होता तर परत केला, झाकणावर लिहिलेलं मला वाचायला लावलं आणि मगच भरलं. चंद्रपूरला जायचं नाही, आधी गळती शोधायची, असं त्यांनी ठरवलं. आम्ही बैलाच्या चालीने घरी परतलो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाबांनी गाडी सपाट जागी लावायला सांगितली आणि नव्या फ्रिजचं पुठ्ठ्याचं खोकं फाडून गाडीखाली सरकवलं. इंजिन बंद आणि पुरतं थंड. मग जुन्या धोतराच्या फडक्याने डबा, नळ्या, नळ्यांचे सांधे, सगळं पुसून काढलं. पुसत होतो मी. ते दाखवत होते.

"आता पावडर आण."

"कसली?"

"अंगाले लावाची."

मला वाटलं, बाबांचं डोकं फिरलं. बायको आतून टाल्कम पावडरचा डबा घेऊन आली. बाबांनी चिमटीने ती पावडर नळ्यांवर आणि सांध्यांवर हलकी भुरभुरली, इंजिनाच्या फिरत्या रबरी पट्ट्यावर मात्र जाऊ दिली नाही. खाणीत ते चुनखडीची बारीक भुकटी वापरायचे, ती फुकट होती आणि डोळ्यांत, नाकात सगळीकडे होतीच. पुसलेल्या नळीवर तेल पाझरलं तरी काळ्या रबरावर दिसत नाही. पांढऱ्या भुकटीवर लगेच लालसर ओल उमटते. ही युक्ती मला कुठल्या पुस्तकात सापडली नव्हती, कारण मी कुठलं पुस्तकही उघडलं नव्हतं.

शेजारी आलाच. मोबाईल पुढे करत म्हणाला, "कायले एवढी मेहनत करून राह्यले? एक औषध येते, डब्यात टाका, गळती आपोआप बंद. पाहा, व्हिडिओ हाय."

"भाऊ," बाबा म्हणाले, "जरा उजेड सोड."

तो बाजूला झाला. वर्षभरात पहिल्यांदा बाबांचा तो आवाज ऐकला, खाणीतला. बायकोला त्यांनी स्टेअरिंगवर बसवलं. "बाई, चालू कर. आता पूर्ण डावीकडं फिरव. शेवटाले गेलं की दाबून ठेवू नोको, लगेच सोड. आता उजवीकडं." मला म्हणाले, "हात खिशात ठेव. चालू गाडीत बोट घालाचं नाई." मी, घरातला कर्ता पुरुष, खिशात हात घालून उभा राहिलो.

चार वेळा डावीउजवीकडे झाल्यावर त्यांनी गाडी बंद करायला लावली आणि टॉर्चचा उजेड आत टाकला. डब्याच्या खाली, तेल डब्यात परत आणणाऱ्या नळीला जिथे पट्टी आवळलेली असते, तिथे पावडरीवर बोटभर लालसर ओल उमटली होती. नळी तिथे भेगाळली होती. तेल नळीवरून ओघळून खालच्या लोखंडी पट्ट्यावर येत होतं, तिथून सरकत मागे जात होतं आणि डाव्या चाकामागे टपकत होतं. आमच्या डोळ्यांसमोर पुठ्ठ्यावर एक थेंब पडला. रुपयाएवढा.

शेजारी वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणलंच होतं मी सर, तेलच असंल." या माणसाला निवडणुकीला उभं करायला हवं.

नवी नळी मेकॅनिकने बसवली. तोही म्हणाला की त्याला फोनवरच शंका आली होती. बाबांनी त्यानंतर आठवडाभर रोज सकाळी पुठ्ठा सरकवून पाहिला आणि डब्यातली पातळी खुणेशी ताडून पाहिली. मला शिकवून तेही माझ्याकडून करून घेतलं. मी पाटी काढली, खुर्ची उचलून पुन्हा उन्हात आणली आणि म्हणालो, "बाबा, चुकलं माझं." म्हणालो ते असं, जणू वर्गात हजेरी देतोय. "असू दे," ते म्हणाले आणि बसले. मला वाटलं, मिटलं. चूक कबूल केली की ती पुसली जाते असं मी इतकी वर्षं मुलांना सांगत आलो होतो. स्वतःचीच थाप मला खरी वाटली.

मग आम्ही चंद्रपूरला गेलो. डॉक्टर तरुण आहेत, कडक आहेत. त्यांनी बाबांच्या तोंडात बोटं घालून पाहिलं, चट्टा पाहिला, तो होता तेवढाच होता. मला बरं वाटलं. मग त्यांनी नेहमीप्रमाणे माझ्याकडे बघून विचारलं, "बंद आहे ना?" या प्रश्नाचं उत्तर नेहमी मी द्यायचो, बाबांच्या वतीने, छाती पुढे काढून. या वेळी मी शहाणपणा केला. म्हणालो, "त्यांनाच विचारा."

"बंद होता," बाबा म्हणाले. "मधात एक खाल्लो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कधी?"

"पंधरा दिवस झाले असंल. पोरानं तोंडात बत्ती मारून पाह्यलं, त्या दिवशी. म्हनलं, खाल्लो नाई तरी खाल्लोच हाय, तं खाऊन घेतो. अर्धा खाल्लो. मंग फेकला." ते तक्रार करत नव्हते. विचारलं म्हणून सांगत होते, तारीख विचारावी आणि सांगावी तसं. त्यांनी मला सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं तेव्हा मला उत्तर नको होतं.

डॉक्टर बत्ती कसली वगैरे विचारत बसले नाहीत. ते बाबांवर उखडले. वर्षभर सांभाळलंत आणि असं करता, गाल कापायची वेळ आणायची आहे का, लाज वाटत नाही का या वयात. माझेच शब्द होते, एकेक. समोरून ऐकताना ते किती घाणेरडे वाटतात ते मला तेव्हा कळलं. बाबा मांडीवर हात ठेवून ऐकत होते.

"घरात एवढा शिकलेला मुलगा आहे," डॉक्टर म्हणाले. "त्याचं ऐकत जा."

"हो साहेब. ऐकतो."

मला बोलायला हवं होतं. डॉक्टर, चूक यांची नाही, माझी आहे, एवढं एक वाक्य. मी फाईलची पानं चाळत राहिलो. डॉक्टर माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "आणि सर, तुम्हीपण जरा लक्ष ठेवा यांच्यावर."

माझ्याआधी बाबांनीच उत्तर दिलं. "ठेवते ना साहेब. लय लक्ष ठेवते थो माह्यावर."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांनी मला वाचवलं होतं, आणि मी वाचलो.